बखले सरांचा जोड

चप्पल करणाऱ्याच्या पाटाखाली कातड्याचे तुकडे साठतात. झाडून टाकावेत म्हटलं तर वाटतं, राहू दे, कुठंतरी उपयोगी पडेल. किश्श्यांचंही तसंच आहे. माझ्या दुकानात संध्याकाळचा टीव्ही लागायला लागला आणि असे तुकडे इतके साठले, की आता पाय ठेवायला जागा नाही! म्हणून थोडे तुमच्यापुढं मांडतो. मी हळू बोलतो. घाई असेल त्यानं चहा घेऊन यावं, मी तोवर फार पुढं गेलेला नसेन.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका बोळात माझं छोटं दुकान आहे. मागं मी चपला करतो, पुढं पोरगा विकतो. त्यानंच माझ्या पाटासमोर भिंतीवर टीव्ही लावून दिला. साडेसातला एक मालिका असते. घाटातली जुनी गढी, तिचा कुलूप लावलेला मनोरा, डोळे फिरवणाऱ्या तसबिरी, आणि लग्नाच्या शालूत हिंडणारी एक बाई, जी कधीच मेलेली आहे! आम्ही मालिकेला नुसतं 'गढी' म्हणतो.

बघणारे चौघं. मी, माझी बायको शेवंता, समोरचे किराणा दुकानदार आदाप्पा, आणि बाबालाल.

बाबालाल माझा लहानपणापासूनचा दोस्त. जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवला. ढोल सुटला, आवाज तेवढाच राहिला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, उशीर केला तर अवघड होऊन बसेल. बाबालाल म्हणाला, "डोळ्यात सुई? माझ्या? मरंन, पर तिकडं जाणार न्हाय!"

एवढी एक काळजी सोडली, तर आमचं बरं चाललं होतं.

* * *

बाबालाल मालिका बघायला यायचा आणि टीव्हीकडं पाठ करून बसायचा.

आदाप्पा म्हणाले, "अवो बाबालाल, तोंड तरी हिकडं करा की."

"मला कुठं दिसतंय? मी ऐकतोय."

"मग तोंड हिकडं करून ऐका."

"गप की! ती बाई मागनं येती का फुडनं, तुला काय म्हाईत?"

भीतीचं संगीत सुरू झालं की तो हळूच उठायचा आणि बाहेर जाऊन पोराची स्कूटर जागेवर आहे का बघून यायचा. एका भागात स्कूटर चार वेळा बघून आला. शेवटी शेवंता म्हणाली, "भावजी, तिला आत आणून लावा, म्हणजे हेलपाटा वाचंल!"

* * *

ज्याच्यामुळं पुढचं सगळं झालं तो माणूस मालिकेत आला तो असा.

मध्यरात्र. गढीतले दिवे गेलेले. नायिका जिन्यात एकटी. आणि वरून आवाज येतो... कर्र... कर्र... कर्र...

बाबालाल स्कूटरकडं निघाला. आदाप्पांनी पाय वर घेतले. मी मात्र हातातलं काम खाली ठेवलं.

"भूत न्हाय," मी म्हणालो. "चप्पल हाय. आपली."

आणि खरंच, अंधारातून उतरले प्रोफेसर बखले. किडकिडीत अंग, खांद्याला पिशवी, काखेत छत्री, आणि पायात करकर वाजणारी कोल्हापुरी! गढीतली जुनी पुस्तकं लावायला आलेले. मालिकेतला हिरो वेगळाच आहे. तो दर भागाला शर्ट बदलतो, त्याचं नावही आम्हाला सांगता येणार नाही. आमच्या दुकानात त्या दिवसापासून एकच माणूस. बखले सर.

आदाप्पांना मात्र शंका. "पर भुताची असती तर? चप्पल?"

"भुताचे पाय उलटे असत्यात," बाबालाल दारातून म्हणाला. "त्येला आपली चप्पल बसतीय व्हय?"

मी विचार केला. धंद्याचा प्रश्न होता. "बसंल की. अंगठा टाचंकडं घ्यायचा. पट्टा उलटा शिवायचा. पर माप घ्यायला त्येनं सोता आलं पायजे."

बाबालाल परत स्कूटर बघायला गेला.

* * *

बखले सर आवडायचं कारण विचाराल तर प्रत्येकाचं वेगळं.

आदाप्पा एका प्रसंगावर फिदा. ती शालूवाली बाई एकदा थेट सरांच्या खोलीत आली. केस सुटलेले, डोळे पांढरे. सर उभे राहिले, खुर्चीवरची पुस्तकं उचलली आणि म्हणाले, "नमस्कार. आपण बसा."

आदाप्पांनी मांडीवर थाप मारली. "भुताला अहो-जाहो! ह्येला म्हणायचं शिक्षण!"

पण त्याच भागात सर रात्री उशिरा जेवायला बसले. आदाप्पा जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. त्यांचा चेहरा पडला. "एवढा शिकला-सवरला माणूस, आनि ह्या वेळंला जेवतोय! म्हणून तर भुतं दिसत्यात!"

माझं कारण साधं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेला. चौथीतल्या गुरुजींनंतर कुणाला 'सर' म्हणायची वेळ माझ्यावर आली नव्हती, मला कुणी म्हणायचा तर प्रश्नच नाही. बखले सरांना कुणी काही विचारलं आणि ठाऊक नसलं, तर ते म्हणतात, "मला माहीत नाही. बघून सांगतो." आणि दुसऱ्या भागात खरंच बघून सांगतात! असा मास्तर मिळाला असता तर मी पाचवीत नक्की गेलो असतो.

* * *

शेवंताला सरांच्या लग्नाची काळजी.

"डब्यातलं गार खात्यात. शर्टाचं बटन तुटलंय, तीन भाग झालं, कुणी लावना," ती म्हणायची. "माझी कळंब्याची चुलतबहीण हाय. शिवणकाम करती. सरांच्याच वयाची."

मी म्हणालो, "अगं, त्यो नट हाय. त्येला घरात बायको असंल."

"नटाला असंल. सरांना कुठं हाय?"

तीन दिवसांनी कळलं, की तिनं चुलतबहिणीला फोन करून मालिका बघायला लावली होती. बहिणीचा निरोप आला: "माणूस चांगला हाय, पर त्या घरात मी नांदणार न्हाय!"

* * *

मग आदाप्पांनी काढलं, की सरांना कोल्हापूरचा एक जोड पाठवायचा. आमच्यातर्फे.

माप कुठून आणायचं? सर पडद्यावर पाय पसरून वाचत बसले, तशी आदाप्पांनी पुडीचा दोरा घेऊन टीव्हीवरच पाय मोजला. माप आलं बालवाडीच्या पोराचं! मग ते म्हणाले, "टीव्ही मोठा घेऊया."

मी सरांचा पाय आणि शेजारी पडलेली छत्री बघितली आणि अंदाज बांधला. नऊ नंबर.

आवाजाचा जोड मी कित्येक वर्षांत केला नव्हता. तळाच्या थरांमध्ये खास आवाजासाठी एक तुकडा बसवावा लागतो. हल्लीची गिऱ्हाइकं म्हणतात, काका, आवाज नको, ऑफिसात सगळे वळून बघतात. हात विसरला असेल असं वाटलं होतं. पण जमला. बाबालालनं जोड कानाजवळ धरून वाकवला. ढोलवाल्याचा कान तो!

"डावा जरा खालच्या सुरात हाय," म्हणाला. "ऱ्हाऊ दे. जोडी छान वाजती."

पाठवायचा कुठं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आदाप्पा म्हणाले, पत्ता म्हणून 'गढी, घाटात' एवढं लिहू, पोस्टमन काढंल शोधून. शेवटी जोड माझ्या पाटामागच्या भिंतीतल्या खिळ्याला लटकत राहिला.

* * *

आमच्या बोळाच्या तोंडाला एकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. पुरुषभर उंचीचा माणूस, हात जोडलेला.

बाबालाल त्याच्यापुढं थांबला. "रामराम पावणं! कवा आलासा? चला, च्या घिऊया."

थोडा वेळ वाट बघितली आणि तणतणत दुकानात आला. "लई माज आलाय लोकास्नी! हात जोडतोय, पर त्वांड उघडंना!"

आदाप्पा हसता हसता बाकावरून घसरले. मीही हसलो. त्याची लेक नूर बापाला डबा घेऊन आली होती, ती तेवढी हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "चाचा, काल ते रिक्षासमोर गेलते. रिक्षावाल्यानं ब्रेक मारला म्हणून. तुमी सांगा की त्यांना. माझं ऐकत न्हाईत."

मी सांगून दमलो होतो. "बघून सांगतो," एवढंच म्हणालो.

* * *

त्याच आठवड्यात तळघराचा भाग लागला.

नायिकेचा भाऊ खाली अडकलेला. तळघरात उतरायला हवं आणि तिचे पाय उचलत नाहीत. बखले सरांनी कंदील उचलला. म्हणाले, "घाबरलो तर मीही आहे. पण मी पुढं चालतो. माझ्या चपलेचा आवाज येतोय, तोवर समजा, सगळं ठीक आहे."

आणि उतरले. कर्र... कर्र... कर्र...

संगीत भीतीचंच होतं. पण बाबालाल त्या दिवशी स्कूटरकडं गेला नाही. भाग संपला, जाहिराती लागल्या, तरी तसाच बसून राहिला.

"सदा," तो मला म्हणाला. त्याचा एवढा लहान आवाज मी कधी ऐकला नव्हता. "सर बी घाबरत्यात व्हय रं?"

"घाबरत्यात की."

"तरी जात्यात."

"व्हय."

मग खिळ्याकडं बोट करून म्हणाला, "दवाखान्यात तू येशील? त्यो जोड घालून?"

* * *

डोळ्यांच्या दवाखान्यात पहिला गोंधळ बाबालालनं बाकावरच घातला. भीती घालवायला शेजारच्या पेशंटला त्यानं 'गढी' सांगायला घेतली, ढोलाच्या आवाजात. तळघरापर्यंत आला तोच सिस्टर धावत आली. मला वाटलं, आता बाहेर काढणार.

"आजोबा, गप्प बसा! तळघराचा भाग मी अजून बघितला नाही!"

मग बाबालालला आत नेलं. ऑपरेशन जागेपणीच करतात, डोळ्याला तेवढं बधिर करतात, म्हणून माणसानं अजिबात हलायचं नाही. दारातून जाताना त्यानं मागं वळून, मी नव्हतो त्या बाजूला बघत विचारलं, "सदा, हाईस न्हवं?"

"हाय."

दार लागलं. नूर बाकावर डोळे मिटून बसली. मी पिशवीतून जोड काढला. माझा पाय सात नंबर, जोड नऊ नंबर. टाच निम्मी रिकामी. तरी चालायला लागलो. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. कर्र... कर्र... त्या शांत जागेत आवाज एवढा मोठा वाटला, की मलाच लाज वाटली.

सिस्टर आलीच. "आजोबा, काय हे? चपला बाहेर काढायच्या असतात!"

"बाई, ह्या रस्त्यावर गेलेल्या न्हाईत. कोऱ्या हाईत. कुणासाठी तरी केलत्या."

"असू दे. आत ऑपरेशन चाललंय. आवाज बंद करा."

तिचंही खरं होतं. मी चपला काढल्या, भिंतीकडेला ठेवल्या आणि अनवाणी उभा राहिलो.

दवाखाना गप्प झाला. मग दाराच्या आतून बाबालालचा आवाज आला, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा:

"सदा! सर थांबत न्हाईत रं तळघरात!"

दार किलकिलं झालं. तोंडाला मास्क लावलेल्या पोरीनं डोकं बाहेर काढलं. "चपला घालून कोण चालत होतं?"

मी मान खाली घातली. "मी."

"मग थांबलात का? पेशंट हलायला लागलाय. डॉक्टर म्हणतात, चालत राहा!"

दार लागलं. मी सिस्टरकडं बघितलं. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडेच्या चपलांकडं. वाकली, दोन्ही हातांनी जोड उचलला आणि माझ्या पायांपुढं सरळ करून ठेवला.

"चला, सर," ती म्हणाली.