बाबांचं साफ रेकॉर्डिंग

बाबांच्या हाताला कंप सुरू झाला, तेव्हा मला आधी काळजी वाटली ती त्यांच्या वाजवण्याची. माणसाची नंतर. आता लपवून काय उपयोग?

नोकरी पाटबंधारे खात्यात कारकुनाची, पण जयंतीच्या दिवसांत पातूरपासून दर्यापूरपर्यंत जिथे भीमगीतांचा स्टेज लागेल, तिथे बाबा ऑर्गन वाजवायला हजर. ऑर्गन जुना, जपानी, विजेवर चालणारा. पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. त्यातली बासरी बासरीसारखी वाजत नसे आणि व्हायोलिन तर कशासारखंच वाजत नसे. पट्ट्यांखालचं रबर खराब झालं की बाबा सगळा ऑर्गन खोलून ते स्पिरिटने पुसत आणि आई आठवडाभर वासाच्या नावाने ओरडे. त्यांनी बांधलेल्या चाली कुठे लिहिलेल्या नव्हत्या. त्या बोटांतच होत्या, आणि बोटं थरथरायला लागली होती.

मी अमरावतीला शाळेत शिकवते. महिनाभर व्हिडिओ पाहून घरगुती रेकॉर्डिंग शिकले, माइक घेतला, लॅपटॉपला जोडायची डबी घेतली आणि मे महिन्यात अकोल्याला घरी पोचले. पहिला धडा पाठ होता: खोलीतला आवाज येऊ द्यायचा नाही. म्हणून आधी कूलर बंद केला. पाच मिनिटांत बाबांचा बनियन ओला.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कूलर बंद करू नोको वं, हे भाजून निघतीन."

मग मी शहाणपण पाजळलं. माइक पिशवीत ठेवला आणि ऑर्गनच्या मागच्या भोकातून वायर थेट डबीत घातली. आता कूलर घरघरो, कुकर शिट्ट्या मारो, आत फक्त ऑर्गन जाणार होता. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

बाबांनी विचारलं, "मी मधात बोललो त चालन काय?"

"बोला ना बिनधास्त. याच्यात तुमचा आवाज येतच नाही."

आणि जन्मभर माझ्याशी ऊन आणि एसटीची वेळ यापलीकडे न बोललेले बाबा बोलायला लागले. वाजवताना शब्द गुणगुणत होते. चाल संपली की ती कुठे सुचली, कोणासाठी बांधली, ते सांगत होते. एकदा ठसका लागेपर्यंत हसले. एकदा तर दोन्ही हात मांडीवर ठेवून, स्वयंपाकघराकडे बघत, बराच वेळ हळू आवाजात बोलले. मी "हं, हं" करत होते. डोळ्यांत तेल घालून मी बघत होते ती स्क्रीनवरची हिरवी रेघ. ती लाल झाली की आवाज फाटतो, हा दुसरा धडा. दर्यापूरला ऐन कार्यक्रमात लाइट गेल्याचं काहीतरी ते सांगत होते, एवढं आठवतं. पुढचं नाही. थरथरता हात पट्टीवर जोरात पडला, रेघ लाल झाली आणि मी बटण फिरवायला वळले.

हात जाईल या भीतीत मी होते. पावसाळ्यात साधा ताप आला आणि आठ दिवसांत बाबाच गेले.

त्यांचा आवाज कुठेच नाही. फोनवर रोज बोलायचो, पण रोजचं बोलणं कोण जपून ठेवतं? मोबाइलवर ते फक्त फुलांची चित्रं पाठवत. मी सगळं शोधलं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तो जात नाही.

महिन्याभराने आई म्हणाली, "लाव ते, तुह्या बाबाचं."

लावलं. रेकॉर्डिंग साफ आहे, चीड यावी इतकं साफ. चाल वाजते, संपते, आणि मग काहीच नाही. कूलरसुद्धा नाही. स्क्रीनवर सपाट रेघ, मग पुढची चाल. एका ठिकाणी ती रेघ सहा मिनिटं तशीच जाते. मी पुढे ढकलायला गेले, तर आईने माझा हात धरला.

"राहू दे."

सहा मिनिटं ती स्पीकरकडे बघत बसली. पुढची चाल सुरू झाल्यावर तिने विचारलं, "माह्याकडे पाहून काय म्हणून राहिले होते हे इतका वेळ? मले कुकरच्या आवाजात आयकू नाही आलं."

मी आवाज कमी करायला लॅपटॉपकडे वळले.

"सांग ना वं. तू त यायच्या बाजूलेच बसली होती."