जपानी पाहुण्यांचे एकवीस दिवस

आमच्या घरी काही दिवस माशांचं सोवळं पाळलं जायचं, आणि ते मीच सुरू केलं होतं.

मध्यप्रदेश तेव्हा नवा-नवा होता आणि शाळेत जीवशास्त्र शिकवणारा मीही. (आपल्याला सगळं येतं, अशी दोघांचीही खात्री होती!) अंगणातल्या हौदात नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, अकरा मासे होते. दरबारच्या नोकरीतून सुटताना आजोबांना राजवाड्याच्या बागेतून मिळालेल्या माशांची ही पिलावळ. नाना आधी त्यांना खायला घालायचे, मग स्वतः चहा घ्यायचे. अशात महूचा माझा मित्र तिवारी म्हणाला, "भिया, जीजाजी जापान से रंगीन मछलियाँ लाए हैं. दो तू ले जा!"

"आण," नाना म्हणाले. "पण माझ्या एकाला जरी काही झालं ना, तर तुझी धडगत नाही."

मी काय कच्चा होतो? 'कोई' जातीच्या ह्या जपानी माशांबरोबर विषाणूचा रोग येऊ शकतो, तो वरून दिसत नाही, आणि एकदा हौदात शिरला की अकराच्या अकरा खलास! म्हणून मागच्या न्हाणीतल्या टाक्यात नवे मासे एकवीस दिवस वेगळे. जाळी वेगळी, पाणी काढायचा मग वेगळा, हात लाल औषधाच्या पाण्यात धुवायचे. मधे कोणी आजारी निघालं तर मोजणी पुन्हा एकपासून. हे सगळं कागदावर लिहून मी न्हाणीच्या दाराला चिकटवलं.

"आणि नाना, तुमच्यातला एक मासा नव्यांजवळ ठेवून बघायचा. तो टिकला, तर बाकीचे टिकतील."

"माझा एकही मिळणार नाही. तूच बस जाऊन!"

महूला गेलो तर तिवारी सारखा मान खाजवत होता. "मच्छर काट गए यार," म्हणाला. माझं लक्ष माशांवर! भिंग एकच, म्हणून गालाला गाल लावून दोघांनी अर्धा तास एकेक खवला तपासला. "एकदम निरोगी!" मी जाहीर केलं आणि डबा मांडीवर घेऊन बसनं परत आलो. डब्याच्या झाकणाला कोणाला बोट लावू दिलं नाही.

थोरल्या आत्याला माझा कागद एका वाचनात कळला. "म्हणजे सोवळंच की रे! त्यासाठी कॉलेजात कशाला जायला हवं?" म्हणत तिनं कारभार ताब्यात घेतला. नानांनी चुकून नव्यांची जाळी उचलली, तर ती स्वयंपाकघरातून ओरडली, "नाना, थांब! तसाच हौदाकडे जाशील तर बघ! आधी हात धू!" नानांनी मुकाट्यानं हात धुतले. मी धन्य झालो.

पंधराव्या दिवशी मी टाक्यावर वाकून मासे दाखवत होतो, आत्या भिंगातून बघत होती.

"अगंबाई, फोड!"

नानांचा चेहरा पांढराफटक पडला. "कुठल्याला?"

"माशाला नाही रे. ह्याच्या मानेवर."

संध्याकाळपर्यंत अंगभर फोड! डॉक्टर म्हणाले, कांजिण्या. दुसऱ्या दिवशी तिवारीचं पोस्टकार्ड आलं: "भिया, वो मच्छर नहीं थे."

माझी वळकटी न्हाणीत गेली. नाना दारातूनच म्हणाले, "घरातला एक ठेवून बघायचा होता ना? ठेवला."

"पण मासे ठणठणीत आहेत! आता सहाच दिवस राहिलेत त्यांचे!"

आत्यानं चष्मा लावून कागदावर बोट ठेवलं. "'मधे कोणी आजारी निघालं तर मोजणी पुन्हा एकपासून.' अक्षर तुझंच ना?"

बिचाऱ्या माशांची शिक्षा माझ्यामुळे वाढली. मी टाक्याकाठी खाजवत बसायचो आणि ते दोघे खालून माझ्याकडे बघत बसायचे.

एकवीस दिवसांनी मासे थाटात हौदात गेले. अकराचे तेरा झाले, एकालाही काही झालं नाही. मीही आनंदानं हौदाकडे निघालो, तर नाना आडवे आले.

"तू लांब! त्यांना आम्ही दोनदा तपासून घेतलंय. तुला महूहून आलास तसाच घरात घेतला होता!"