वेबसाइटची सोयरीक

आमच्या वर्धा जिल्ह्यात माझ्या मोठ्या साडूंना ओळखत नाही असा माणूस एकतर अजून जन्माला यायचा आहे, किंवा तो आयुष्यात कधी एसटीत बसलेला नाही. भाऊजी (मी त्यांना भाऊजीच म्हणतो) तीस वर्षं डेपोत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात. भाऊजी कुठल्याही थांब्यावर उभे राहून कोणी न विचारता गाड्यांच्या वेळा सांगू लागले. एकदा आम्ही अल्लीपूरला मयतीला गेलो होतो. परतताना त्यांनी पाहुण्यांना हिंगणघाटची गाडी कितीला, ती चुकली तर पुढची कोणती आणि तीही चुकली तर काय करायचं, हे इतक्या मायेनं समजावलं की मयताचा मुलगा डोळे पुसून ऐकत बसला.

त्यांचं दुसरं खूळ परतफेडीचं. शेजारणीनं वाटीभर कढी पाठवली की वाटी रिकामी परत जायची नाही, इथवर सगळ्यांचंच असतं. भाऊजी त्याच्या फार पुढे गेलेले. एका ओळखीच्या गृहस्थानं त्यांना पुलगावहून नाचणगावपर्यंत मोटरसायकलवर सोडलं. भाऊजींकडे सायकलसुद्धा नाही. मग दुसऱ्या दिवशी ते त्या गृहस्थाच्या दारात हजर झाले आणि त्याला स्वतःच्या खर्चानं एसटीनं पुलगावला नेऊन परत आणून सोडलं. त्या बिचाऱ्याचं पुलगावात काडीचं काम नव्हतं. "घेतलं त देलं पाह्यजे, साडभाऊ," भाऊजी मला म्हणाले, "नाईतर सोयरीक कायची?"

अशा माणसाच्या हाती वेबसाइट पडली.

वेबसाइट होती आमच्या ताईंची, म्हणजे भाऊजींच्या पत्नीची, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची. तळेगावजवळ ताईंची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. ताई स्वतः रानटी लिंबाच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, संत्र्याचा डोळा बांधतात आणि त्यांच्या हातचं कलम मरत नाही अशी ख्याती आहे. पण हल्ली शेतकरी ख्याती विचारत नाहीत, मोबाइलवर शोधतात. शोधलं की सगळ्यात वर यायचा कुठलासा परजिल्ह्यातला दलाल, ज्यानं आयुष्यात कलम बांधलं नव्हतं. चकचकीत फोटो तेवढे लावले होते. ताईंची वेबसाइट चौथ्या पानावर पडून होती. शेतात दहा हजार कलमं तयार उभी होती आणि फोन गप्प होता. कलमं वाढत गेली की पुढे कोणी घेत नाही. ताईंनी सांगूनच टाकलं होतं, की या पावसाळ्यात माल उठला नाही तर रोपवाटिका बंद. बोलताना त्या आमच्याकडे नाही, वाफ्यांकडे पाहत होत्या. मला ते फार लागलं.

पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं फोनवरून उपाय सांगितला. दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपल्या वेबसाइटची लिंक असली, की सर्च इंजिनला वाटतं यांना चार लोक मानतात, आणि ते आपल्याला वर नेतं. भाऊजींना एवढं पुरलं. "म्हंजे ओळखीचाच मामला आहे," ते म्हणाले आणि पिशवी काढली.

यानंतर दोन महिने भाऊजी जिल्हाभर लिंका मागत हिंडले. ईमेल, मेसेज असल्या कोरड्या गोष्टी त्यांना मंजूर नव्हत्या. ज्याची वेबसाइट, त्याच्या घरी जायचं, हातावर एक कलम ठेवायचं, चहा घ्यायचा, ख्यालीखुशाली विचारायची आणि निघताना उंबऱ्यावर विषय काढायचा. एक मंगल कार्यालय, दातांचे दोन दवाखाने, एक बँडपथक, एक शिकवणी वर्ग, एक बोअरवेलवाले. कोणी नाही म्हटलं नाही. आणि आता या सगळ्यांची परतफेड नको का? भाऊजींनी मुलीकडून ताईंच्या वेबसाइटवर 'आमचे सोयरे' नावाचं पान उघडून घेतलं आणि प्रत्येकाची उलट लिंक त्यावर चढवली. ते पान थेट लग्नपत्रिकेसारखं दिसू लागलं. मग मानपान सुरू झाला. बँडवाल्याचं नाव आपल्या वर का, म्हणून दातांचा एक डॉक्टर रुसला. त्याची समजूत काढायला भाऊजी दोनदा जाऊन आले. शेवटी खाली त्यांनी एक ओळ घातली : नजरचुकीने कोणाचे नाव राहून गेले असल्यास क्षमस्व.

पुढच्या महिन्याभरात वेबसाइट चौथ्या पानावरून नवव्या पानावर गेली.

मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. "बाबा, तू मला दे, मी तुला देतो, अशा लिंका सर्च इंजिनला चालत नाहीत. त्याला ती मिलीभगत वाटते." भाऊजींनी फोन खाली ठेवला. "घेऊन दिल्याची शिक्षा?" असं काहीसं ते पुटपुटले. इतका खचलेला हा माणूस मी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा दारोदार हिंडले, यावेळी सोयऱ्यांच्या पानावरून नावं काढून टाकल्याची माफी मागायला. माफी मागायलाही कलम घेऊनच.

मार्ग ताईंनी काढला. "लोकायच्या दारी जाऊन नाव काऊन मागता? त्यायच्या कामाचं काई सांगा. नाव ते घेतीन," असं म्हणून त्यांनी भाऊजींना समोर बसवलं आणि संत्र्याच्या बागेत बारा महिने काय करायचं ते सांगू लागल्या. भाऊजींनी ते लिहून घेतलं, आणि या माणसाला लिहिण्याची एकच रीत ठाऊक! त्यांनी वेळापत्रक आखलं. मे, खड्डे भरणे. जून, बुंध्याला बोर्डो मलम. जुलै, लागवड, डोळा मातीच्या वीतभर वर. आणि प्रत्येक महिन्यापुढे शेवटचा रकाना : 'चुकल्यास'. चुकल्यास घाबरू नये, अमुक करावे. तेही चुकल्यास तमुक. मी मराठीचा मास्तर, शुद्धलेखन तपासायला बसलो आणि एकही शब्द काढू शकलो नाही. शेतकऱ्याला आजवर सगळ्यांनी काय करावं ते सांगितलं होतं. चुकल्यावर काय करावं, हे पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं.

मुलीनं ते वेबसाइटवर चढवलं, आणि भाऊजींनी कोणाकडे जायच्या आधीच ते सगळीकडे पोचलं. एका कृषी महाविद्यालयानं आपल्या पानावर त्याची लिंक दिली. एका वर्तमानपत्राच्या शेतीच्या सदरानं दिली. संत्रा बागायतदारांच्या गटांनी दिली. कोणी विचारलं नाही, कोणी परत मागितलं नाही. जुलै लागायच्या आत मुलीचा फोन आला, "बाबा, पहिल्या पानावर. पहिलं नाव." भाऊजींनी विचारलं, "आपल्या वर कोन?" ती म्हणाली, कोणी नाही. हे त्यांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि तडक तळेगावच्या बसथांब्यावर जाऊन सुटणाऱ्या गाडीतल्या प्रत्येक प्रवाशाला पेढा दिला. कंडक्टरनं गाडी पाच मिनिटं रोखून धरली. नोकरीच्या तीस वर्षांत एक मिनिट उशीर सहन न केलेल्या या माणसानं त्याला पाठीवर थोपटून दुसरा पेढा दिला.

दहाच्या दहा हजार कलमं गेली. दोन बायका फोन घ्यायला ठेवाव्या लागल्या. ताईंनी पुढच्या वर्षासाठी दुप्पट खुंट लावले, आणि नवऱ्याचं कौतुक करण्याची मुळीच सवय नसलेल्या त्या बाईनं सगळ्यांसमोर म्हटलं, "जमलं बाप्पा तुमाले." भाऊजी लाजले.

गेल्या आठवड्यात ते आमच्याकडे आले. हातात पिशवी होती, पण आत काही नव्हतं. चहा झाला, ख्यालीखुशाली झाली, आणि तरी ते घुटमळत बसले. "मागाले जात होतो तवा बरं होतं," ते म्हणाले. "सारे बसा म्हनत. आता आपलं काई कामच नाई कोनाकडे. कोनाच्या घरी काय सांगून जाऊ?" मग त्यांनी चाचरत विचारलं, "साडभाऊ, तुमची काई वेबसाइट नाई का?"

मी पेन्शनीत निघालेला मास्तर, माझी कसली वेबसाइट? पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला नाही म्हणवेना. मी म्हटलं, "काढावी म्हनतो."

"कायची?"

ते मलाही ठाऊक नव्हतं.

"कायची का असेना," भाऊजी खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "पयले कोनाकोनाकडे जाचं ते ठरवू." मी कागद आणायला उठलो.