भाऊंचं हिऱ्याचं बरड

चांदा जिल्ह्यात वाघाला न भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण कोणालाच न भिणारा माणूस एकच पाहिला, तो म्हणजे माझे घरमालक भाऊ. सातवीतून शाळा सोडून मी साताऱ्याकडून सिंदेवाहीजवळच्या एका भातगिरणीत तोलाईच्या कामाला आलो. खोली मागायला गेलो, तर भाऊंनी आधी मला जेवायला बसवलं आणि मग नाव विचारलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. तेव्हा मी पानाच्या सळसळीलाही दचकत असे.

भाऊंची भाताची एक बांधी होती आणि तिच्या वरच्या अंगाला गोट्यांनी भरलेलं बरड. बांधीबद्दल ते कधी बोलत नसत. बरडाबद्दल मात्र थांबत नसत. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, होती तोवर तिथला गोटा उचलायचा तरी मालगुजाराला विचारावं लागे. मालगुजारी गेली, बरड भाऊंच्या नावावर झालं, आणि त्यांनी लगेच हिऱ्यासाठी कुदळ मारली. वैरागडला पूर्वी हिरे निघत, हे त्यांनी ऐकलं होतं. वैरागड इथून किती लांब, असं कोणी विचारलं की जमीन काय गावाच्या शिवेपाशी संपते, असं तेच उलट विचारत. चमकणारा खडा माणसाआधी कोंबडीला दिसतो, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून रोज सकाळी टोपल्याखाली झाकलेल्या कोंबड्या बरडावर नेऊन सोडायच्या आणि त्या काय टिपतात ते पाहत मागे मागे हिंडायचं. गावात कुठेही कोंबडं कापलं की त्याचा पोटा, म्हणजे खडे साठणारी पिशवी, आधी भाऊंकडे पोचवायची, ही रीतच पडली होती. एकदा शेजारी नवा जावई आला होता. भाऊंनी पोटा चिरून, धुऊन, एकेक खडा उन्हाकडे धरून पाहिला, तोवर जावई हात धुऊन पाटावर बसून होता. भाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणत, "हिरा निघाला त पयले कोंबडीच्या गळ्यात बांधा. मेहनत तिचीच हाय."

आमच्या गिरणीचे मालक म्हणजे तेच जुने मालगुजार. त्यांनी आता रस्त्याचा ठेका घेतला होता आणि मुरमासाठी त्यांना भाऊंचं बरड हवं होतं. भाऊंचा होकार आण, नाहीतर गिरणीत येऊ नकोस, असं त्यांनी मला बजावलं. रात्री जेवताना मी ते कसंबसं सांगितलं. माझा घास हातातच राहिला होता. भाऊंनी ताटातला भात सावकाश संपवला.

"घेऊन जा म्हणा. पण टोपलं मी पाह्यल्याबिगर गाडीत जाणार नाई," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुले काढलं त इथीच राह्य. भात त आमच्या चुलीवरबी शिजते."

मालक हसले आणि कबूल झाले. दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. भाऊ सूप घेऊन दगडावर बसले. भरलेलं प्रत्येक टोपलं सुपात रिकामं व्हायचं, पाखडलं जायचं, खडे उन्हाकडे धरले जायचे, आणि उरल्यासुरल्याची तपासणी कोंबड्या करायच्या. ऊन डोक्यावर आलं तरी पहिल्या गाडीचा तळ झाकला नव्हता. शेवटी मालक छत्री घेऊन स्वतः आले आणि मुरमात कुठे हिरे असतात का, म्हणून ओरडले. गावात त्यांच्यासमोर कोणी बसत नसे. भाऊ बसूनच होते.

"नसन," भाऊ म्हणाले. "पण माह्या वावरात नाई, हे मीच पाहीन."

गाड्या रिकाम्या परत गेल्या. रस्त्याला मुरूम दुसरीकडून आला. मला गिरणीतून कोणी काढलं नाही; भीत मात्र मी पुढे कित्येक दिवस होतो.

पुढे मी गाव सोडलं तेव्हा भाऊ मला मोटारीपर्यंत पोचवायला आले. बंडीच्या खिशातून त्यांनी एक पांढरी गारगोटी काढून माझ्या हातावर ठेवली. "वावरातली हाय. कोणाले विचारून देऊन नाई राह्यलो," एवढंच म्हणाले, आणि कोंबड्या सोडायच्या राहिल्यात म्हणून मोटार हलायच्या आत मागे वळले.

माझ्या नावावर आजही वीतभर जमीन नाही. ती गारगोटी खिडकीत असते. सकाळच्या उन्हात ती थोडी चमकते. सराफाला मी ती कधी दाखवली नाही.