तीर्थाला ब्लीचिंगचा वास

उकंडरावाचं नाक म्हणजे नगरपंचायतीची अर्धी प्रयोगशाळा. एकोणीस वर्षं रोजंदारीवर व्हॉल्व्ह फिरवून आणि टाकीत ब्लीचिंग पावडर कालवून त्या नाकाला अशी सवय लागली होती की, हंडा हुंगून तो सांगायचा, पाणी कालचं की परवाचं. त्याची बायको अंबूबाई त्या वासाला पार विटली होती. पाणी असलं की त्याचे कपडे ती वेगळे धुवायची.

त्या दिवशी वार्ड चारची पाळी होती, अकराव्या दिवशी आलेली. वार्ड चार म्हणजे त्याचाच. तिथं गटाराची लाइन फुटलेली, म्हणून त्याने पहाटे टाकीत पावडर दुप्पट घातली. व्हॉल्व्ह उघडणार, तोच पाणीपुरवठ्याच्या साहेबांचा फोन आला. पाणी संध्याकाळी सोडा, आधी नव्या बोअरवर या, पाणी लागल्याच्या पंचनाम्यावर पंच म्हणून तुमची सही लागते. निघताना टाकीखाली एक टँकर भरताना दिसला. असेल कुणाचं लग्न, असं म्हणून तो सायकलवर बसला.

नगरपंचायतीने हा चौथा बोअर मारायला दिला होता अविनाश ठेकेदाराला. आधीचे तीनही त्याचेच. तिन्ही पहिल्या दिवशी धो धो वाहिले आणि आठवड्यात आटले. का आटले, हे विचारायची कुणाला फुरसत? फोटो निघाले होते की!

इथंही मंडप, हार, पेढे, पाहुणे, सगळा थाट. नारळ फुटला, बटण दाबलं, पाणी उसळलं, टाळ्या झाल्या. नव्या बोअरचं पहिलं पाणी तीर्थ म्हणून हातावर घ्यायची इथली रीत. अविनाशने स्वतः सगळ्यांच्या हातावर घातलं. उकंडरावाने हात तोंडाशी नेला आणि थबकला.

नव्या बोअरचं पाणी आधी गढूळ येतं, दगडाच्या भुकटीचा वास मारतं. हे तर नितळ, आणि वास त्यानेच पहाटे घातलेल्या पावडरीचा. दुप्पट! वार्डाने अकरा दिवस वाट पाहिलेलं पाणी ह्या हलकटांनी कोरड्या भोकात ओतलं, आणि वर तीर्थ म्हणून वाटून राह्यले. त्याने हात झटकला.

"काऊन हो उकंडभाऊ, तीर्थ फेकता?" अविनाशने विचारलं.

"तीर्थ नाही ते. माह्या टाकीतलं पाणी हाये."

अविनाश हसला आणि हळू आवाजात म्हणाला, "सही करा न भाऊ. पुढच्या सभेत तुमच्या पर्मनंटचा विषय हाये."

ह्या एका शब्दासाठी तो एकोणीस वर्षं झुरला होता. आता त्या तोंडून ऐकल्यावर त्या शब्दाचीच किळस आली.

"पंप अर्धा तास चालू ठेवा," तो म्हणाला. "मंग करतो सही."

साहेबांचा हात पंप बंद करायला बटणाकडे गेला. तेवढ्यात वार्ड चारच्या बाया रिकामे हंडे घेऊन येऊन धडकल्या. नळ कोरडे, आणि इथं पाणी वाहतंय म्हणून कळलेलं. पुढे अंबूबाई.

"चालू द्या न साहेब," ती म्हणाली. "पाळी आमचीच हाये."

पाहुण्यांसमोर पंप बंद कसा करणार? बाया भरत गेल्या. अंबूबाईचा दुसरा हंडा अर्धा झाला तेव्हा पाइप खाकरला, नुसती हवा फेकली आणि गप्प झाला. उकंडरावाने पंचनामा ओढला, त्यावर 'बोअर कोरडा आहे' असं लिहिलं आणि खाली पूर्ण नावाने सही ठोकली. जन्मात पहिल्यांदा त्याची छाती फुगली. त्याने बायकोकडे पाहिलं.

ती हंडा हुंगत होती.

"हाच वास त्या तीन बोअरच्या तीर्थालेही व्हता," ती म्हणाली. "मी आली व्हती न पाहाले. तुमच्या नाकाले तवा आला नाही काय?"

त्या तिन्ही पंचनाम्यांवर त्याचीच सही होती.

"आला व्हता," उकंडराव म्हणाला. "तरी पेलो मी."