काळ्या एडक्याची मालकीण

शहरातून डोंगर चढायला येणारे लोक आमच्या सराईत शिरले की आधी ओले मोजे शेकोटीसमोर टाकतात आणि मग भुताची चौकशी करतात. कुणीतरी माहितीपत्रकात मुंडकं नसलेला एक व्यापारी घुसडून ठेवला आहे. मी इथे निम्मं आयुष्य काढलं, मला तो एकदाही भेटला नाही. भेटला असता तर त्यालाही आधी पाय पुसायला लावले असते.

आमची सराई, ‘काळा एडका’, म्हणजे जाड दगडी भिंतींचं बुटकं घर. समोर तळं, पाठीशी डोंगर. लोकर लादलेली घोडी खिंडीतून यायची तेव्हापासून इथे बिअर आणि बिछाना मिळतो. खोऱ्याच्या वरच्या टोकाला चर्च नाही, म्हणून तिकडची प्रेतंही याच वाटेने खाली जायची. खांदेकरी शवपेटी मागच्या बोळातल्या दगडी ओट्यावर टेकवायचे आणि आत येऊन घसा ओला करायचे. एक पेला मेलेल्याच्या नावाचा भरायचा, आणि ज्याने डोक्याकडची बाजू धरली असेल त्याने तो संपवायचा. इतकी माणसं या घरातून शेवटची गेली, पण त्यांपैकी कुणी त्रास दिल्याचं ऐकिवात नाही. मला घाबरवलं ते पेटीतून न आलेल्या माणसाने.

टॅमर गॅस्कार्थ ही इथली मालकीण. माझा संसार मोडला त्या वर्षी मी तिच्या स्वयंपाकघरात कामाला लागले. रुंद हाडाची, लाल हातांची, जिभेने फटकळ बाई. एकदा एका पाहुण्याने मटण वातड असल्याची तक्रार केली.

“तुम्ही काढा या डोंगरावर सात हिवाळे,” टॅमर म्हणाली, “मग बघू किती लुसलुशीत राहता.”

त्याने मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मी आले त्याच संध्याकाळची गोष्ट. दिवे लावायची वेळ होती, मी पीठ मळत होते. मागच्या बोळात खिळ्यांच्या बुटांचा आवाज आला. कुणीतरी बूट झटकले, फरशीवरून जडजड चालत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं आणि थांबलं.

“या, उघडंच आहे,” मी म्हटलं.

टॅमर बटाटे चिरत होती, तिने मानही वर केली नाही. “लॅन्टी आहे, नॅन. तो आत नाही येत.”

लॅन्टी तिचा नवरा. तो त्याआधीच्या नोव्हेंबरात डोंगरावर गेला होता आणि परतला नव्हता, हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं. मी दार उघडून पाहिलं. बोळ रिकामा होता. कडीला माझ्या हातांचं पीठ तेवढं लागलं होतं.

आमच्याकडे नोव्हेंबरात मेंढपाळांचा मेळा भरतो, तोही याच सराईत. खिंडीच्या दोन्ही अंगांचे लोक येतात. वर्षभरात दुसऱ्याच्या कळपातली जी चुकार मेंढरं आपल्यात मिसळली असतील ती घेऊन यायची आणि कानावरचा छेद, लोकरीवरचा रंग पाहून ज्याची त्याला चार लोकांदेखत परत करायची. नुसती मेंढरंच नाही. दुसऱ्याची खूण असलेली कुठलीही वस्तू डोंगरात सापडली तरी ती मेळ्यातच द्यायची. परस्पर कुणाच्या घरी नेऊन दिली तर लोक म्हणणार, इतके दिवस दाबून का ठेवली होती? मेळ्याच्या आदल्या दिवशी लॅन्टी अशीच चुकार मेंढरं शोधायला वर गेला. दुपारी बर्फ सुरू झालं. कुत्रा एकटा घरी आला. माणसांनी वसंतापर्यंत आमच्या अंगाचा डोंगर पालथा घातला, पण हाती काही लागलं नाही.

पाद्रीबाबा येऊन म्हणाले, “टॅमर, निदान प्रार्थना तरी म्हणू या.”

“पेटी नाही तर प्रार्थना कुणासाठी?” टॅमर म्हणाली. “माझा माणूस मला आणून द्या. त्या ओट्यावर एकदा टेकवा. मग तुम्ही म्हणाल त्याला आमेन म्हणेन.”

तिला दुसरं काहीही नको होतं. तळ्याकाठच्या हॉटेलवाल्याने सराई विकत मागितली तर त्याला तिने दारातूनच कटवलं. लॅन्टी येईल तो इथे येईल, मग ती जाणार कुठे? आणि पावलं रोज यायची. पहिला महिनाभर मी त्या वेळेला मुद्दाम भांडी आपटायची. मग सवय झाली. सवय होते याचीच मला जास्त भीती वाटायची.

पुढे लढाई लागली. तरणी माणसं गेली, मेळे बंद पडले, खिंडीपलीकडची खबरबात इकडे येईनाशी झाली. लढाई संपल्यावर पहिला मेळा भरला तेव्हा सराईत पाय ठेवायला जागा नव्हती. ओव्हनमध्ये मटण-बटाट्याची भांडी, अंगणात मेंढरांचा कल्ला. त्यात पलीकडच्या खोऱ्यातला आयझॅक मौन्सी आला. सरळमार्गी माणूस, बोलायला फार सावकाश. त्याने एक काठी टेबलावर ठेवली. शिंगाच्या मुठीवर लॅन्टीची खूण डागलेली होती.

“ही तुझी, टॅमर,” तो म्हणाला. “आमच्या ओढ्याच्या वरच्या घळीपाशी चिखलात उभी रोवलेली होती. लॅन्टी गेल्यानंतरच्या वसंतात सापडली. मेळाच भरला नाही, तर देणार कशी? दर वर्षी तेल मात्र लावलंय.”

टॅमरने काठीला हात लावला नाही.

“तुम्हाला तो कुठे सापडला होता?” आयझॅकने साधेपणाने विचारलं. “काठीपासून लांब?”

सगळ्या माना टॅमरकडे वळल्या.

“आम्हाला तो सापडलाच नाही, आयझॅक,” टॅमर म्हणाली.

त्या बिचाऱ्याचा चेहरा मी विसरणार नाही. पलीकडे एवढंच कळलं होतं की गॅस्कार्थ बर्फात गेला. पुरला असेल असं ते धरून चालले होते. काठी विधवेच्या हाती चार लोकांदेखत द्यायची म्हणून त्याने ती गोठ्याच्या तुळईला टांगून ठेवली, आणि काठी म्हणजे जागेचा पत्ता, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आमच्यापैकीही कुणी वेगळं वागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी माणसं त्या घळीत उतरली. लॅन्टी तिथेच होता, नेच्याच्या झुडपांखाली, जे काही उरलं होतं ते. धुक्यात चुकून तो पलीकडच्या अंगाला उतरला होता. खिंडीतून त्याला पेटीत घालून आणलं, रात्रभर ओट्यावर टेकवलं, आणि त्याच्या नावाचा पेला आयझॅकने संपवला. टॅमर सगळ्या प्रार्थनांना आमेन म्हणाली.

दफन करून परतल्यावर आयझॅक टोपी चुरगाळत बसून राहिला. “मी तेव्हाच यायला हवं होतं, टॅमर. मला क्षमा कर.”

“क्षमा कसली?” ती म्हणाली. “सगळी लढाई सरेपर्यंत तो रोज संध्याकाळी घरी येत होता. तू काठी आणखी उशिरा आणली असतीस तरी मी तुला बोल लावला नसता.”

त्याला काहीच कळलं नाही. मला कळलं, कारण आदल्या संध्याकाळी, पेटी ओट्यावर असताना, बोळात पावलं वाजली नव्हती. त्या संध्याकाळीही वाजली नाहीत. आठवडा गेला. दिवे लावायच्या वेळी टॅमर सुरी हातात धरून नुसती ऐकत राहायची, आणि घर इतकं शांत असायचं की मला ओरडावंसं वाटायचं.

मग एका संध्याकाळी बोळात खिळ्यांचे बूट वाजले. माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. पावलं फरशीवरून आली आणि दाराशी थांबली. खरं सांगते, मला आनंद झाला. मी धावत जाऊन दार उघडलं.

दारात टॅमर होती. लॅन्टीचे जुने बूट पायांत, नाड्या न बांधलेले. माझ्याकडे न बघता ती भिंतीला टेकली.

“नाही जमत गं, नॅन,” ती म्हणाली. “माझं पाऊल हलकं पडतं.”