ऑर्विल टॅकेटचं सोवळं

मिलर्सबर्गच्या रस्त्याला ज्याच्या ज्याच्या दारात घोडी आहे, त्यानं ऑर्विल टॅकेटचं सोवळं पाहिलेलं आहे. बासष्ट वर्षांचा हा नालबंद ट्रक फाटकाबाहेरच उभा करतो. औषधाच्या पाण्याची बादली उतरवतो, बूट घासतो, कोपरापर्यंत हात धुतो, कानस नि चिमटे पाण्यात बुडवून काढतो आणि मग पिशवीतला धुतलेला ॲप्रन कमरेला बांधतो. दिवसाला पाच तबेले असले तर पाच ॲप्रन. लोकांना चेष्टेला तेवढं पुरतं. "काय रे ऑर्विल, नाल ठोकायला आलायस की अपेंडिक्स काढायला?" असं कुणी विचारलं की तो नुसता हसतो. पूर्वीचा ऑर्विल असता तर विचारणाऱ्याचीच शब्दांनी सालटी काढली असती.

पूर्वी त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. नालबंदाचं कामच तसं. घोड्याचा पाय मांड्यांत धरून ओणवं व्हायचं आणि तास तास तसंच राहायचं. समोर कुणाचं तोंड दिसत नाही, दिसतो तो खूर. मग जीभ सैल सुटते. कुणाच्या तबेल्याचं छप्पर उडालं, कुणाचा जावई घर सोडून गेला आणि कसा शेपूट घालून परत आला, हे सगळं ऑर्विल खुराकडे बघत सांगायचा. चर्चच्या पत्रकाला जी बातमी द्यायला आठवडा लागे, तिला ऑर्विलच्या ट्रकातून एक दुपार पुरे. लोक त्याला नावं ठेवत आणि त्याची वाटही बघत. अशा माणसानं जन्मात एकच बातमी पोटात ठेवली आणि ती नेमकी सांगायला हवी होती.

जानेवारीतला बुधवार होता. तो वेंडेल स्टँपरकडे गेला होता. वेंडेलकडे लोक आपल्या गाभण घोड्या बाळंतपणाला आणून ठेवत. तीसेक घोड्या असत, आणि ऑर्विलचं निम्मं काम तिथलंच. तो पोचला तेव्हा वेंडेल पेंढ्यात गुडघे टेकून बसला होता. त्याची एक घोडी सकाळी गाभडली होती. शिंगरू वारेच्या पिशवीतच होतं. ऑर्विलनं न सांगता हात लावला, दोघांनी ते उचललं, ओला पेंढा पोत्यात भरला.

"डॉक्टरला कळवलंस का?" ऑर्विलनं विचारलं.

"कळवतो रे. पण तू आधी तोंडाला कुलूप घाल. बोभाटा झाला तर उद्या सगळे आपापल्या घोड्या न्यायला ट्रेलर जोडून दारात उभे राहतील. तुझ्या कानात सांगणं म्हणजे दवंडी पिटणं, ठाऊक आहे मला."

"नाही सांगणार."

"शपथ?"

"अरे हो बाबा, शपथ."

दुसऱ्या दिवशी त्याचं काम नॅडीन पर्सेलकडे होतं. नॅडीन शाळेत त्याच्याच वर्गातली, आता शाळेची बस चालवणारी, एकटी राहणारी बाई. तिच्याकडे एकच घोडी, जुनिपर, वय सतरा. जुनिपरला अकरातला आठवा महिना होता आणि हे तिचं शेवटचं शिंगरू, असं नॅडीननं ठरवलेलं. बसमधल्या पोरांनी मतदान घेऊन त्याचं नाव ‘वॅफल’ ठेवलं होतं. एकोणीस मतं वॅफलला, चार ‘थंडर’ला. नॅडीननं नाव पाटीवर रंगवून दारावर ठोकलंसुद्धा होतं.

फाटकाशी ऑर्विलनं ॲप्रन बांधला आणि त्याची नजर गुडघ्याजवळ गेली. कालचा काळपट डाग तिथे वाळून बसला होता. त्याला कळलं, कळलं नाही असं नाही. पण नळ गोठलेला, बोटं बधिर झालेली, आणि पाणी मागायला गेलं तर कशाला ते सांगावं लागणार. संध्याकाळी धुऊ, असं म्हणून तो आत गेला. जुनिपरला त्याचा ॲप्रन फार आवडे. नेहमीप्रमाणे तिनं मान वळवून तो वरपासून खालपर्यंत हुंगला आणि जिभेनं चाटला.

"बघ, कशी लाडात आलीय," नॅडीन म्हणाली. "मला एवढं कधी चाटत नाही मेली."

ऑर्विल हसला आणि खूर तासू लागला. त्या दिवशी त्यानं वेंडेलची सोडून बाकी सगळ्या गावाची बातमी सांगितली.

महिन्याच्या शेवटी बर्फाचं वादळ आलं. चार दिवस वीज नाही, तबेल्यातलं पाणी दगड झालेलं. नॅडीननं घोडीला ट्रेलरमध्ये घातलं आणि बहिणीकडे सिंथियाना गावात नेलं. वाटेत ट्रेलर घसरून खड्ड्यात तिरका झाला आणि अर्धा तास आत जुनिपर टापा आपटत राहिली. त्या गडबडीत गाभण घोडीला नवव्या महिन्यात टोचायची लसही राहून गेली. त्यानंतर दोन आठवड्यांनी, रविवारी, नॅडीन चर्चमधून परतली तर जुनिपर कोपऱ्यात मान घालून उभी होती. समोर वॅफल मरून पडलेला होता. घोडीच्या कासेला दूधही उतरलं नव्हतं. काहीच चाहूल न देता सगळं झालं होतं.

घोडीला धरायला कुणी तरी हवं म्हणून नॅडीननं ऑर्विलला बोलावलं. डॉक्टर हॉलकम ही घोड्यांची तरुण डॉक्टरीण शिंगरू आणि वार तपासणीला घेऊन गेली. जाताना म्हणाली, "नॅडीन, कारणं खूप असतात. नाळेला पीळ पडतो, वारेत जंतू शिरतात, कधी जुळं असतं. कित्येकदा तर शेवटपर्यंत काही कळतच नाही. स्वतःला खात बसू नका."

नॅडीननं मान हलवली आणि स्वतःला खायला लगेच सुरुवात केली.

दहा दिवसांनी अहवाल आला. डॉक्टरीण तो घेऊन आली तेव्हाही ऑर्विल तिथेच होता. त्या दिवसापासून तो रोज काही तरी निमित्त काढून येत होता. आपण धीर द्यायला येतो अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

"विषाणू सापडलाय," डॉक्टरीण म्हणाली. "हा दोन वाटांनी येतो. एक तर बाहेरून, दुसऱ्या घोड्याकडून, कधी माणसाच्या हातातून, कपड्यातून. नाही तर घोडीच्या अंगातच वर्षानुवर्षं झोपलेला असतो आणि तिला मोठा ताण पडला की उठतो. इथे बाहेरचा घोडा आला होता?"

"नाही हो. माणूस म्हणाल तर हा एक ऑर्विल."

डॉक्टरीण ऑर्विलकडे वळली. "तुम्ही दहा ठिकाणी जाता. कुठे घोडी गाभडल्याचं कानावर आलंय?"

दावं ऑर्विलच्या हातात होतं. जुनिपर त्याच्या कमरेशी हुंगत होती. एक शब्द बोलायचा होता. बोलला असता तर वेंडेलची शपथ मोडली असती, निम्मं काम गेलं असतं, आणि तो डाग या दोघींच्या समोर आला असता. खरं तर पहिली दोन कारणं त्यानं नंतर जोडली. त्या क्षणी त्याला फक्त डाग दिसला.

"नाही," तो म्हणाला. "सगळीकडे ठीक आहे."

"मग ताणच असावा," डॉक्टरीण म्हणाली.

"म्हणजे ट्रेलर," नॅडीन म्हणाली. "म्हणजे मीच."

इतकं ढळढळीत खोटं बोलून माणूस घरी जाऊन जेवतो कसा, असं मला नेहमी वाटायचं. ऑर्विल जेवला. झोपलाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्याला नॅडीनचं बोलणं ऐकवेना, आणि न जाता राहवेनाही. ती एकच गोष्ट शंभरदा सांगे. पाणी तापवून तापवून पाजलं असतं तर? बहिणीनं ‘येऊ नकोस’ म्हटलं होतं, तिचं ऐकलं असतं तर? बसमधल्या पोरांना तिनं सोमवारीच सांगितलं होतं. मग अख्ख्या वाटेत कुणी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ‘थंडर’वालेसुद्धा गप्प होते.

ऑर्विल म्हणे, "अगं, होतं असं. तुझी काय चूक त्यात?"

"तू आहेस म्हणून बरं," असं म्हणून एकदा तिनं त्याला ब्लॅकबेरीच्या मुरंब्याची बरणी दिली. ती बरणी त्याच्या ट्रकात पुढच्या काचेशी पडून राहिली. त्याला ती उघडवेना आणि टाकवेनाही.

मार्चअखेरीस तिचा फोन आला. "ऑर्विल, गुरुवारी येऊन जुनिपरचे खूर तासून दे. शनिवारी तिला नेतायत. इंडियानात बहिणीच्या जावयाकडे देतेय."

"का?"

"घोडी पाळायची माझी लायकी नाही, म्हणून."

गुरुवारी तो आला. त्यानं पुढचे दोन खूर तासले, मागचा उजवा तासला. नॅडीन दावं धरून घोडीच्या मानेवरून हात फिरवत होती. ती त्याच्याशी नव्हे, घोडीशी बोलत होती. "तिथे तुला चांगलं सांभाळतील हं. माझ्यासारखं बर्फात फरपटत नाही नेणार कुणी. चुकले गं बाई मी."

ऑर्विलनं मागचा डावा पाय मांडीत घेतला होता. कानस थांबली. ओणव्यानंच, खुराकडे बघत, जन्मभर जशा बातम्या सांगितल्या तशीच त्यानं ही सांगितली. "वेंडेलकडची एक घोडी गाभडली होती. जानेवारीत, इथे यायच्या आदल्या दिवशी. ते शिंगरू मी उचललं होतं. ॲप्रनवर डाग होता, नॅडीन. फाटकाशीच दिसला मला. तसाच आत आलो. तिनं तो चाटला."

वरून दावं एकदम ताणलं गेलं.

"पाय सोड तिचा," नॅडीन म्हणाली. त्यानं सोडला. "वर बघून बोल. म्हणजे ते तुझ्यामुळे झालं?"

तो ताठ झाला. इतक्या वर्षांत तिच्या तोंडाकडे बघून तो पहिल्यांदाच बोलत असावा. "माहीत नाही. तुझ्या ट्रेलरनं झालं असेल, माझ्या ॲप्रननं झालं असेल. आता कधीच कळायचं नाही."

"डागाचं मी त्याच दिवशी सोडून दिलं असतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तेच त्याला जड गेलं. "कुणाच्याही हातून होतं. पण डॉक्टरनं तुला तोंडावर विचारलं, तेव्हा मी शेजारी उभी होते. सव्वा महिना मी तुझ्यासमोर रडले. तू माझी कॉफी प्यायलास, माझा मुरंबा नेलास आणि ‘होतं असं’ म्हणालास. सगळ्या मुलखाच्या भानगडी तुझ्या तोंडात मावत नाहीत, आणि एवढीच मावली?"

ऑर्विलनं हातातली कानस खाली ठेवली.

"हत्यारं उचल आणि जा."

"डावा राहिलाय—"

"राहू दे."

फाटकाबाहेर येऊन त्यानं पहिला फोन डॉक्टरीणबाईंना केला, दुसरा वेंडेलला. वेंडेलनं शिव्यांची लाखोली वाहिली आणि पुन्हा त्याला कधी बोलावलं नाही. त्याच्या तबेल्यात तपासणी झाली, तिथेही तोच विषाणू निघाला. पण त्यानं जुनिपरचं कोडं सुटलं नाही. डॉक्टरीण म्हणाली, "असेलही, नसेलही." ऑर्विलनं बादली आणि चार नवे ॲप्रन आणले ते त्याच आठवड्यात.

जुनिपर इंडियानाला गेली नाही. नॅडीननं ‘शेवटचं शिंगरू’ हा आपला बेत मोडून तिला पुन्हा गाभण करवलं. तिचे खूर आता शेजारच्या पॅरिस गावचा एक पोरगेला नालबंद तासत असे, आणि वाकडे तासत असे. रस्त्यावरून जाताना ऑर्विलला कुंपणापलीकडे ते दिसायचं. तो गाडी हळू करायचा आणि मग पुढे जायचा.

पुढच्या वर्षी मे महिन्यात नॅडीनचा फोन आला. "शिंगराचा पुढचा पाय बाहेर फाकतोय. त्या पोराला काही कळत नाही. गुरुवारी ये." आणि त्यानं हो म्हणायच्या आत फोन ठेवला.

गुरुवारी त्यानं फाटकाबाहेर सगळं सोवळं केलं. नॅडीन आत हाताची घडी घालून बघत होती. तो आत येऊ लागला तशी ती म्हणाली, "पुन्हा धू." त्यानं पुन्हा धुतलं.

तबेल्यात शिंगरू आईच्या पोटाआड लपलं होतं. तांबूस अंगाचं, कपाळावर बोटभर पांढरं. दारावर नवी पाटी होती, ‘थंडर’. चार मतांचा पक्ष अखेर निवडून आला होता. पण तिच्या शेजारी जुनी पाटीही तशीच होती. वॅफल. रंग नव्यानं दिलेला.

ऑर्विलला वाटलं, तिच्यानं काढवली नसेल. तो हळूच म्हणाला, "ही काढून देऊ का?"

"हात लावू नकोस. मी रोज बघते ती. तू दर सहा आठवड्यांनी येशील तेव्हा बघत जा. आता एवढं तरी वाटून घे."

तो पाटीकडे बघत राहिला. मग त्यानं शिंगराचा पाय उचलून मांडीत घेतला आणि ओणवा झाला. नॅडीन दावं धरून उभी होती, बातम्यांची वाट बघत असल्यासारखी. ऑर्विलनं कानस चालवली. सांगायला त्याच्याकडे काही नव्हतं.